उपवासाच्या दिवशी शुगरची गोळी कशी घ्यायची, हे पाकिटावर लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

श्रावण तोंडावर आला आहे. आषाढीपासून कार्तिकीपर्यंतच्या चार महिन्यांत आपल्या सीमाभागातील घरांमध्ये चुलीवरचे वेळापत्रक जितके बदलते, तितके वर्षात एरवी कधी बदलत नाही. श्रावणी सोमवार, एकादश्या, दर महिन्याची संकष्टी, हरितालिका आणि नंतर नवरात्राचे नऊ दिवस, अशी ही रांग असते. या दिवसांत मधुमेह असलेली माणसे जेवणाचा नेम बदलतात, पण गोळीचा नेम मात्र इतर दिवसांसारखाच ठेवतात, किंवा मग स्वतःच्या मनाने गोळी बंद करतात. खानापूर परिसरात औषध दुकानाच्या काउंटरमागे फार्मासिस्ट म्हणून माझे आयुष्य गेले. शुगरच्या गोळ्यांबाबत लोकांनी सांगितलेल्या तक्रारींपैकी पुष्कळ तक्रारींचे मूळ गोळीत नसून गोळी आणि ताट यांची चुकामूक होण्यात असते, असे माझे निरीक्षण आहे. या विषयावर आपल्या पत्रातून चार गोष्टी मांडण्यास जागा मिळावी, ही विनंती.

औषधाच्या छोट्या कागदी पाकिटावर आम्ही फार्मासिस्ट '१-०-१' असे लिहितो. सकाळी एक, दुपारी काही नाही, रात्री एक, एवढाच त्याचा अर्थ. ती गोळी जेवणाआधी घ्यायची, जेवताना घ्यायची की जेवण झाल्यावर, आणि ज्या दिवशी सकाळचे जेवणच नाही त्या दिवशी तिचे काय करायचे, हे त्या तीन आकड्यांतून कोणालाही कळत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरही बहुधा तेवढेच असते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक आहे. इतक्या लोकांच्या हाती रोज जाणारे औषध अशा अपुऱ्या सूचनेवर चालावे, हे मला योग्य वाटत नाही.

सर्वांत आधी ज्या गोळ्यांची काळजी घ्यायला हवी, त्या म्हणजे ग्लिमेपिराइड, ग्लायक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या घराण्यातील गोळ्या. या घराण्याला सल्फोनिलयुरिया म्हणतात. स्वस्त आणि परिणामकारक असल्यामुळे सरकारी दवाखान्यापासून खासगी डॉक्टरांपर्यंत सर्वत्र त्या दिल्या जातात, आणि योग्य रुग्णाला योग्य मात्रेत दिल्यास त्या चांगल्याच आहेत. मात्र त्यांचे काम स्वादुपिंडाकडून जास्त इन्सुलिन काढून घेण्याचे आहे, आणि ताटात भाकरी आली की नाही याची या गोळीला खबर नसते. ग्लिमेपिराइड न्याहारीबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर घ्यायची असते. आपल्याकडे ती पहाटेच्या चहाबरोबर घेतली जाते, आणि माणूस शेताला निघून जातो. खानापूर तालुक्यात पावसाळ्यात रोप लावणीच्या दिवसांत चिखलात वाकून काम करताना शरीर साखर झपाट्याने वापरते, न्याहारी बांधावर यायला दहा वाजतात, आणि तोवर गोळीने आपले काम सुरू केलेले असते. संकष्टीला तर चंद्रोदय होईपर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत, पोटात चहा, एखादे केळे आणि मूठभर शेंगदाणे एवढेच असते.

असाच एक प्रसंग मी जवळून पाहिलेला आहे. आमच्या आळीतील एक वयस्कर मावशी, अंगारकीचा उपवास, सकाळी नेहमीची गोळी घेतलेली. दुपारी चारच्या सुमारास त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, आणि थोड्याच वेळात त्या सुनेला भलत्याच नावाने हाका मारू लागल्या. घरच्यांना वाटले, वाऱ्याचा झटका आला. शेजारच्या एका जाणत्या बाईंनी साखर उतरली असेल हे ओळखले आणि गुळाचे पाणी पाजले. ते पाजूनही बराच वेळ फरक पडेना, म्हणून मला बोलावले. गोळ्यांची स्ट्रिप मागवून पाहिली, तर एकाच गोळीत तीन औषधे होती: ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज.

गुळाचा गुण का येत नव्हता, ते या तिसऱ्या नावात आहे. व्होग्लिबोज आणि त्याच्या जातीचे अकार्बोज ही औषधे आतड्यातील काही विकरांना (एन्झाइमना) अडवून धरतात, त्यामुळे भात, भाकरी, साखर यांचे ग्लुकोजमध्ये रूपांतर सावकाश होते आणि जेवणानंतर साखर एकदम चढत नाही. म्हणूनच ही औषधे जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची असतात, आणि म्हणूनच ती घेणाऱ्यांना पोटात गुडगुडणे व गॅस यांचा त्रास होतो. पण याच कारणामुळे अशा रुग्णाची साखर उतरली तर साखर किंवा गूळ लवकर कामी येत नाही, कारण दोन्हींचे विघटन करणारे विकरच औषधाने अडवलेले असते. अशा वेळी लागते ती ग्लुकोज पावडर, जी कोणत्याही मेडिकलमध्ये मिळते आणि जिला विघटनाची गरजच नसते. ती हाताशी नसेल तर मध किंवा दूध चालते. मावशींना ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत त्या सावरल्या. तीन औषधांची एकत्र गोळी आज सर्रास दिली जाते, पण ती घेणाऱ्या किती घरांत ग्लुकोजचा डबा असतो, हे प्रत्येकाने आपापल्या फडताळात पाहावे.

येथे उपचाराचा क्रमही सांगून ठेवतो. घाम, थरथर, धडधड, एकदम लागलेली भूक, चिडचिड किंवा बोलण्यातील गोंधळ दिसला आणि घरी यंत्र असेल, तर साखर मोजावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असल्यास, किंवा यंत्र नसल्यास थेटच, सुमारे १५ ग्रॅम म्हणजे चहाचे तीन-चार चमचे ग्लुकोज पाण्यात घालून द्यावे, १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे, गरज पडल्यास पुन्हा द्यावे, आणि बरे वाटताच काहीतरी पोटभरीचे खायला घालावे, मग तो उपवास मोडला तरी चालेल. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही ओतू नये, १०८ ला फोन करावा. सल्फोनिलयुरियाच्या गोळीमुळे उतरलेली साखर एकदा वर येऊन काही तासांनी पुन्हा उतरू शकते, विशेषतः वय झालेल्यांमध्ये आणि ज्यांचे मूत्रपिंड कमजोर आहे त्यांच्यामध्ये. त्यामुळे 'आता बरे वाटते' म्हणून त्या माणसाला रात्री एकटे झोपवू नये. रक्तदाबासाठी अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉलसारखी गोळी चालू असेल, तर थरथर आणि धडधड ही सूचना देणारी लक्षणे दबून जातात, घाम मात्र येतो.

सल्फोनिलयुरियाच्या गोळीच्या बाबतीत दुसरी एक सवय आपल्याकडे बळावली आहे. लग्नाच्या पंगतीत मांडे आहेत, पाहुण्यांनी कुंदा आणला आहे, गोकाकहून करदंट आला आहे, किंवा गुऱ्हाळावर गरम काकवी समोर आली आहे. मग 'आज गोड खाल्ले, एक गोळी जादा घेतो' असे म्हणून सरळ दुसरी गोळी घेतली जाते. सुशिक्षित माणसेही हे करतात आणि अभिमानाने सांगतात. ग्लिमेपिराइडचा परिणाम त्या एका वाटीपुरता मर्यादित राहत नाही, तो जवळजवळ दिवसभर टिकतो. गोडामुळे चढलेली साखर दोन-तीन तासांत खाली येते, आणि जादा गोळी मात्र पहाटेपर्यंत काम करत राहते. कुंद्याचा एक तुकडा खाण्यापेक्षा त्याच्यासाठी घेतलेली ही जादा गोळी कितीतरी अधिक धोक्याची आहे. खावासा वाटला तर तो तुकडा लहान असावा, त्या जेवणात भात कमी घ्यावा आणि जेवण झाल्यावर चालून यावे. गोळी वाढवणे हा त्यावरचा इलाज नव्हे.

उपवासाची दुसरी बाजूही आहे. दिवसभर न खाल्ल्यामुळे साखर उतरते, हा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा भाग संध्याकाळी ताटात येतो. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्टमय पदार्थ आहे. साबुदाण्याची खिचडी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी आणि वर केळ्याची शिकरण असा फराळ झाला, की दुपारी घसरलेली साखर रात्री फार वर जाते. दुसऱ्या दिवशी तपासणी केली तर आकडा चढलेला दिसतो आणि डॉक्टर मात्रा वाढवतात, कारण काल एकादशी होती हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. वाढलेली मात्रा मग पुढच्या संकष्टीला अंगावर येते. हे चक्र मी अनेक घरांत पाहिले आहे, आणि ते तोडण्यासाठी रुग्णाने डॉक्टरांना एक वाक्य सांगणे आणि डॉक्टरांनी एक प्रश्न विचारणे पुरेसे असते. रमजानच्या रोज्यांसाठी मधुमेहाच्या गोळ्यांची मात्रा आणि वेळ कशी बदलावी, याविषयी आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या सहभागाने २०१६ साली मार्गदर्शक तत्त्वे तयार झाली आणि २०२१ साली ती सुधारलीही गेली. रमजानच्या सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे, असे त्यांत सांगितले आहे. आमचे मुस्लिम ग्राहक रोजे सुरू होण्यापूर्वी चिठ्ठी बदलून आणत, आणि ते मला फार शहाणपणाचे वाटे. आपल्या संकष्टी-एकादशीसाठी तशी विचारणा करणारे माझ्याकडे क्वचितच आले.

निर्जळी उपवास करणाऱ्यांसाठी आणखी एका औषधाची नोंद करायला हवी. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधे रक्तातील जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात. हृदय आणि मूत्रपिंड यांच्या दृष्टीने ती मोलाची आहेत. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट २०२० मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपल्यावर त्यांच्या किमती उतरल्या आणि खेड्यापाड्यांतही ती पोहोचली. साखरेबरोबर पाणीही जात असल्याने ही औषधे घेणाऱ्याने भरपूर पाणी प्यायला हवे. हरितालिकेला पाण्याचा घोटही न घेणारी बाई किंवा उन्हातून पायी दिंडीत चालणारा वारकरी यांना अंगातील पाणी कमी होऊन चक्कर येण्याचा धोका असतो. याहून गंभीर गोष्ट अशी, की दीर्घ उपवासात या औषधांबरोबर शरीरात कीटोनचे आम्ल साचू शकते, आणि त्या वेळी यंत्रावर साखरेचा आकडा फारसा वाढलेला दिसेलच असे नाही. मळमळ, उलटी, पोटदुखी, धाप, कमालीचा थकवा अशी लक्षणे दिसली तर 'उपवासाचे पित्त झाले' असे समजून घरी थांबू नये, रुग्णालयात जावे आणि ही गोळी चालू आहे हे आवर्जून सांगावे.

मेटफॉर्मिन ही जुनी आणि सर्वांत जास्त वापरली जाणारी गोळी. ती एकटी घेतल्यास साखर धोकादायक पातळीवर सहसा उतरवत नाही, त्यामुळे तिची भीती बाळगू नये. पण ती रिकाम्या पोटी घेतली तर मळमळते आणि जुलाब होतात, आणि 'ही गोळी मला सोसत नाही' म्हणून लोक ती सोडून देतात. जेवणाच्या मध्यावर किंवा जेवण संपताच घेतली, आणि सुरुवात कमी मात्रेने केली, तर बहुतेकांना ती सोसते. सावकाश विरघळणारी मेटफॉर्मिन रात्रीच्या जेवणाबरोबर आख्खी गिळायची असते. आजीला गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटून ताकातून देणारे सुपुत्र मी पाहिले आहेत, आणि तसे केल्याने सावकाश सुटणारे औषध एकदम सुटते. या गोळीचे रिकामे कवच कधीकधी शौचात दिसते. ते पाहून गोळी पचलीच नाही असे समजून दुसरी घेऊ नये. औषध अंगात गेलेले असते.

मेटफॉर्मिन आणि आहार यांचा खरा संबंध वर्षांनी कळतो, तो ब-१२ या जीवनसत्त्वात. दीर्घकाळ आणि जास्त मात्रेत ही गोळी घेतल्याने शरीराकडून ब-१२ कमी शोषले जाते, हे आता पक्के माहीत आहे. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेने २०२२ साली याची स्पष्ट सूचनाही काढली होती. ब-१२ मिळते ते मांस, मासे, अंडी आणि दूधदुभते यांतून. चिकोडी-निपाणी-अथणीकडील जैन व लिंगायत घरे आणि गावोगावचे माळकरी यांच्या ताटात यांपैकी फक्त दूध-दही असते, आणि डॉक्टरांनी दूध कमी करा म्हटल्यावर तेही जाते. त्यातच वर्षानुवर्षे चालू असलेली पित्ताची गोळी, म्हणजे ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल, हे शोषण आणखी कमी करते. पायाला मुंग्या येणे, तळव्यांची आग होणे, तोल जाणे ही लक्षणे मग 'शुगरमुळे' म्हणून सोसली जातात. शुगरमुळेही ती होतात. पण ब-१२ ची कमतरता असेल तर ती भरून काढता येते, आणि उशीर झाला तर नसांचे नुकसान कायमचे राहते. ज्यांची मेटफॉर्मिन अनेक वर्षे चालू आहे, विशेषतः जे शाकाहारी आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारून ही तपासणी करून घ्यावी.

दारूविषयी लिहिताना लोक संकोचतात. आपला प्रदेश गोव्याला लागून आहे, आणि तिकडून काय येते हे सर्वांना ठाऊक आहे. रक्तातील साखर कमी होऊ लागली की यकृत साखर तयार करून पुरवते. दारू पोटात असताना यकृताचे हे काम मंदावते. सल्फोनिलयुरियाची गोळी घेतलेला माणूस दारू पिऊन न जेवता झोपला, तर मध्यरात्रीनंतर त्याची साखर उतरते, आणि तोंडाला वास येत असल्यामुळे घरचे त्याला 'जास्त झाली आहे, झोपू दे' म्हणून तसाच ठेवतात. यात माणसे दगावतात. मेटफॉर्मिनबरोबर अतिमद्यपान केल्यास रक्तात लॅक्टिक आम्ल साचण्याचा धोका वाढतो, तो क्वचित पण जीवघेणा असतो. घरात पिणारा माणूस असेल तर त्याच्या पत्नीने किंवा मुलाने डॉक्टरांना ते स्पष्ट सांगावे. औषध ठरवताना ती माहिती लागते.

कारल्याचा रस, भिजवलेले मेथीचे दाणे, जांभळाच्या बियांची पूड, गुडमार यांचेही असेच. यांतील काहींमुळे साखर थोडीफार उतरते आणि म्हणूनच गोळीच्या जोडीला ती घेताना हिशेब बदलतो. भाजीत कारले किंवा मेथी खाण्यास कोणतीच हरकत नाही. पण रोज अनशापोटी पेलाभर रस आणि वर ग्लिमेपिराइड हे डॉक्टरांना न सांगता करू नये. दुधी भोपळ्याचा रस कडू लागला तर एक घोटही पिऊ नये, तो विषारी असतो, आणि आयसीएमआरने त्याबद्दल इशारा दिलेला आहे. आठवड्याच्या बाजारात लेबल नसलेल्या पुडीतून मिळणाऱ्या 'शुगर मुळासकट घालवणाऱ्या' चूर्णांपासून मात्र दूरच राहावे. अशा चूर्णांत ग्लिबेनक्लामाइडसारखी ॲलोपॅथिक औषधे मिसळलेली आढळल्याची प्रकरणे अनेक देशांत नोंदली गेली आहेत. तसे असेल तर रुग्ण नकळत दुप्पट मात्रा घेत असतो.

सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन या गोळ्यांना जेवणाचे फारसे बंधन नाही. याउलट सेमाग्लुटाइडची तोंडाने घ्यायची गोळी उठल्यावर रिकाम्या पोटी, जेमतेम अर्धा कप पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नसतो, नाहीतर महागडे औषध वाया जाते.

माझी मागणी साधी आहे. बेळगाव जिल्ह्यातील औषध विक्रेत्यांच्या संघटनांनी श्रावणापूर्वी आपल्या सभासदांना एक परिपत्रक काढावे, की शुगरच्या गोळीच्या पाकिटावर आकड्यांबरोबर 'जेवताना', 'पहिल्या घासाबरोबर', 'जेवण नसेल तर डॉक्टरांना विचारा' यांपैकी जे लागू असेल ते रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत लिहावे. आपल्या खेड्यांतील साठी-सत्तरीची माणसे मराठी शाळेत शिकलेली आहेत. स्ट्रिपवरील इंग्रजी आणि दवाखान्याच्या भिंतीवरील कन्नड फलक त्यांना वाचता येत नाहीत. जेथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व देशाने पूर्वीच मान्य केले आहे, आणि औषधाच्या सूचनेइतकी महत्त्वाची सूचना दुसरी कोणती असणार? कन्नड रुग्णाला कन्नडमध्ये, मराठी रुग्णाला मराठीत, उर्दू वाचणाऱ्याला उर्दूत, इतके करणे कोणत्याही दुकानदाराला अवघड नाही. घरोघरी जाणाऱ्या आशाताईंनाही 'तुम्ही कोणकोणते उपवास करता?' हा एक प्रश्न आपल्या विचारपूशीत घालता येईल. रुग्णांनी पुढच्या भेटीला जाताना सर्व स्ट्रिपा आणि चूर्णांच्या पुड्या एका पिशवीत घालून न्याव्यात, आणि कोणतीही गोळी हे पत्र वाचून स्वतःहून बंद करू नये किंवा तिची वेळ बदलू नये. गोळी कमी करायची, पुढे ढकलायची की त्या दिवशी वगळायची, हे वय, मूत्रपिंड आणि मागील तपासण्या पाहून डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

आपल्या पत्राने पंचांगाच्या चौकटीत संकष्टी आणि एकादशीच्या आदल्या दिवशी 'मधुमेहींनी गोळीबाबत डॉक्टरांना विचारावे' अशी एक ओळ छापली, तर ती हजारो घरांत वाचली जाईल. याचा विचार व्हावा.

कळावे,
आपला विश्वासू,
एक निवृत्त फार्मासिस्ट
खानापूर, जि. बेळगाव